भिंतीवरचे १४४ ठोके

इंग्रजी मुळाक्षरांना ओळीने आकडे द्यायचे. ए म्हणजे एक, बी म्हणजे दोन, असं करत झेडचे सव्वीस. आता ‘टेरी वेट’ हे नाव या आकड्यांत घालून भिंतीवर बोटांनी वाजवायचं. टीचे वीस ठोके, ईचे पाच, आरचे अठरा, पुन्हा आरचे अठरा, वायचे पंचवीस. मग आडनाव. सगळे मिळून १४४ ठोके होतात. मधेच मोजणी चुकली की अक्षर बदललं. पहारेकऱ्याची चाहूल लागली की थांबायचं आणि तो गेल्यावर पुन्हा सुरुवात करायची.

बैरुतमधल्या एका खोलीत, साखळीने भिंतीला जखडलेला एक माणूस हेच करत होता. पलीकडे कुणीतरी आहे असा त्याला अंदाज होता. कोण आहे, तो ठोके मोजेल का, मोजले तर उत्तर देईल का, यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्याच्याशी नीट बोलणारं माणूस भेटून वर्षं लोटली होती.

टेरी वेट हे इंग्लंडच्या चर्चचे दूत. कँटरबरीचे आर्चबिशप रॉबर्ट रन्सी यांच्या वतीने त्यांनी इराण आणि लिबियात अडकलेल्या माणसांची सुटका घडवून आणली होती. लेबनॉनमध्ये तेव्हा यादवी युद्ध पेटलेलं होतं. ‘इस्लामिक जिहाद’ अशा नावांखाली वावरणारे गट परदेशी माणसांना रस्त्यातून उचलून नेत. १९८० च्या दशकात असे सुमारे शंभर परदेशी तिथे पळवले गेले. त्यांच्या सुटकेसाठी वेट जानेवारी १९८७ मध्ये बैरुतला पोहोचले. आजारी ओलिसांना भेटवतो आणि सुखरूप परत आणून सोडतो, असा शब्द त्यांना मिळाला होता. २० जानेवारीला ते भेटीला गेले आणि स्वतःच ओलीस झाले. ओलिसांच्या बदल्यात अमेरिकेने इराणला गुपचूप शस्त्रं दिल्याचं प्रकरण काही आठवड्यांपूर्वीच उघडकीला आलं होतं. त्या व्यवहारातल्या अमेरिकी अधिकाऱ्यांशी वेट यांच्या भेटी झाल्या होत्या, त्यामुळे अपहरणकर्त्यांना ते हेर वाटले. त्यांना १,७६३ दिवस डांबून ठेवलं गेलं, आणि त्यातली सुमारे चार वर्षं ते पूर्ण एकटे होते.

दिवसाचे तेवीस तास पन्नास मिनिटं ते साखळीत असत. उरलेली दहा मिनिटं संडास-मोरीसाठी. खिडकीवर पत्रा ठोकलेला. खोलीत कुणी आलं की डोळ्यांवर पट्टी ओढून घ्यायची, पहारेकऱ्याचा चेहरा दिसता कामा नये. पहिली तीनहून अधिक वर्षं पुस्तक नाही, कागद-पेन्सिल नाही, घरची खबर नाही. तळपायांवर मार बसला. एकदा तर ‘तुला आता मारणार’ असं सांगून डोक्याला पिस्तूल लावलं आणि मग बाजूला घेतलं. साडेसहा फुटांहून उंच असलेला हा माणूस या सगळ्यात अंग दुमडून जमिनीवरच्या गादीवर पडून होता.

आपल्या भाषेत एकांत हा चांगला शब्द आहे. साधना करायची तर एकांत हवा, लिहायचं तर एकांत हवा, असं आपण सहज म्हणतो. पण तुकोबा भंडाऱ्याच्या डोंगरावर जात, ते स्वतःच्या पायांनी चढून जात आणि स्वतःच्या पायांनी देहूला परत येत. ज्या एकांताच्या दाराची कडी आतून लावलेली असते, तो माणसाला वाढवतो. कडी बाहेरून लागली की त्याच शांततेचं दुसरंच काहीतरी होतं, आणि ते मेंदूच्या पातळीवर होतं. याचा धैर्याशी फारसा संबंध नाही.

कॅनडात मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला डोनाल्ड हेब या मानसशास्त्रज्ञाच्या गटाने एक प्रयोग केला. विद्यार्थ्यांना दिवसाला वीस डॉलर द्यायचे. त्या काळात ही रक्कम मोठी होती. काम एवढंच, की छोट्या खोलीत पलंगावर पडून राहायचं. डोळ्यांवर धूसर चष्मा, हातांत मोजे, मनगटांवर पुठ्ठ्याच्या नळ्या, कानांवर यंत्राची एकसुरी घरघर. खायला-प्यायला वेळेवर. अनेकांनी ठरवलं होतं, की पडल्या पडल्या अभ्यासाची उजळणी करू, निबंधाचा विचार करू. विचार करताच येईना. आधी ठिपके आणि रेघा दिसू लागल्या, मग चित्रं. एकाला खांद्यावर पोती घेऊन ओळीने चाललेल्या खारी दिसल्या. शेअर बाजाराच्या जुन्या अहवालाची ध्वनिमुद्रिका पुन्हा पुन्हा ऐकवा, अशी विनवणी होऊ लागली. बहुतेकांना दोन-तीन दिवसांपलीकडे तग धरवला नाही. मेंदूला बाहेरून काही मिळालं नाही की तो स्वस्थ बसत नाही, स्वतःच काहीतरी तयार करू लागतो. लक्षात घ्या, ही धडधाकट तरुण मुलं होती, आणि ‘मला सोडा’ म्हटलं की दार उघडणार होतं.

वेळेचंही तसंच. मिशेल सिफ्र हा फ्रेंच भूगर्भशास्त्रज्ञ १९६२ मध्ये स्वखुशीने आल्प्समधल्या एका गुहेत घड्याळाशिवाय सुमारे दोन महिने राहिला. त्याला बाहेर काढलं तेव्हा तारीख होती १४ सप्टेंबर. त्याच्या हिशेबाने २० ऑगस्ट उजाडला होता. आत असताना त्याला एकशेवीसपर्यंत अंक मोजायला सांगितलं, सेकंदाला एक. त्याला पाच मिनिटं लागली आणि ती दोनच वाटली.

ओलिसाच्या बाबतीत यावर आणखी एक ओझं असतं, आणि मला ते सगळ्यांत जड वाटतं. शिक्षा झालेल्या कैद्याला तारीख असते. सात वर्षं तर सात वर्षं, तो भिंतीवर रेघा मारून ती कमी करत जातो. ओलिसाला तारीखच नसते. त्याचं सुटणं कुठल्यातरी दोन सरकारांच्या आणि चार टोळ्यांच्या सौद्यावर लटकलेलं असतं, आणि त्या सौद्यात काय चाललंय ते त्याला कळायचा मार्ग नसतो. अमेरिकी नौदलाचे वैमानिक जेम्स स्टॉकडेल यांनी व्हिएतनाममध्ये साडेसात वर्षं कैद भोगली, त्यांतली चारहून अधिक एकांतवासात. त्यांचं निरीक्षण असं होतं, की ‘नाताळपर्यंत सुटू’ असं धरून बसणारेच आधी खचले. नाताळ येतो, जातो. मग ईस्टर येतो, तोही जातो. सुटका नक्की होणार, पण केव्हा ते आपल्या हाती नाही, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मनात धरून राहणारे टिकले.

पहिल्याच दिवसांत वेट यांनी स्वतःशी तीन गोष्टी ठरवल्या. झाल्याचा पश्चात्ताप करायचा नाही. स्वतःची कीव करायची नाही. गतआयुष्य आठवून हळवं व्हायचं नाही. ऐकायला हे सुविचारासारखं वाटतं, पण अंधारात पडलेल्या माणसाचं मन नेमक्या याच तीन वाटांनी घसरत असतं. त्या वाटा त्यांनी आधीच ओळखून बंद केल्या. मग त्यांनी मनातल्या मनात पुस्तक लिहायला घेतलं. लहानपणापासूनचं आयुष्य, प्रसंगामागून प्रसंग, वाक्यं जुळवून. पाठ असलेल्या प्रार्थनांची भाषा त्यांना उपयोगी पडली, कारण तिला लय होती आणि लयीला धरून मन एका जागी राहत होतं. हे पुस्तक पुढे केंब्रिजच्या ट्रिनिटी हॉलमध्ये बसून त्यांनी कागदावर उतरवलं आणि ते १९९३ मध्ये प्रसिद्ध झालं.

मराठी वाचकाला इथे अंदमान आठवल्याशिवाय राहणार नाही. सेल्युलर जेलच्या कोठडीत सावरकरांनी काट्या-खिळ्यांनी भिंतीवर ओळी कोरल्या आणि त्या पाठ केल्या. मंडालेत टिळकांनी ‘गीतारहस्य’ पेन्सिलीने लिहिलं. टिळकांना निदान पुस्तकं मिळत होती आणि शिक्षेची मुदत ठाऊक होती. पत्नी सत्यभामाबाई गेल्याची बातमी मात्र १९१२ मध्ये त्यांना तिथेच तुरुंगात मिळाली.

या विषयावरच्या सगळ्या हकिकतींत मला सर्वांत थक्क करणारी वाटते ती डॉक्टर एडिथ बोन यांची. ब्रिटिश नागरिक असलेल्या या बाईंना १९४९ मध्ये हंगेरीत हेर ठरवून अटक झाली, तेव्हा त्या साठीच्या होत्या. सात वर्षं त्यांना एकटं ठेवलं गेलं, काही काळ ओल्या, अंधाऱ्या तळघरात. त्यांना अर्धा डझन भाषा येत होत्या. त्यांनी शिळ्या पावाच्या गोळ्या करून मणिफलक बनवला आणि त्यावर आपली शब्दसंपत्ती मोजली. इंग्रजीतले आपल्याला येणारे शब्द त्यांनी २७ हजारांवर मोजले, मग दुसरी भाषा घेतली. पावाचीच अक्षरं करून छापखान्यातल्या खिळ्यांसारखी जुळवली आणि कविता मांडल्या. टॉवेलचे दोरे उसवून, पीळ देऊन त्यांची मजबूत दोरी केली, तिने जाड दारातला एक खिळा उपसला आणि त्या खिळ्याने दाराला बारीक भोक पाडलं. का? बाहेर कोण जातं-येतं ते दिसावं म्हणून. रोज ठराविक वेळी त्या मनाने पायी प्रवासाला निघत, युरोपातल्या ओळखीच्या शहरांतून, रस्त्या-रस्त्याने. १९५६ च्या उठावात तुरुंग उघडला तेव्हा ६७ वर्षांच्या या बाई शाबूत बुद्धीने बाहेर आल्या.

पावाचे मणी मोजून काय मिळालं, असा प्रश्न बाहेरच्या माणसाला पडेल. मिळालं ते हे: ‘आज काय करायचं’ या प्रश्नाचं उत्तर. कैदेत माणसाचा एकेक निर्णय काढून घेतला जातो. केव्हा खायचं, केव्हा उठायचं, दिवा केव्हा लागणार, संडासला केव्हा जायचं, सगळं दुसरा ठरवतो. अशा वेळी पावाचा तुकडा खायचा की त्याचं अक्षर करायचं, हा निर्णय तरी आपला राहतो.

वेट यांच्या हाती एकदा फार मोठा निर्णय आला. मोरीत पहारेकरी आपलं पिस्तूल विसरून गेला होता. पट्टी काढल्यावर त्यांना ते दिसलं. बाहेर एकटादुकटा पहारा असावा, आणि ते उचलून गोळी झाडता आली असती. पण आयुष्यभर त्यांनी बंदूकवाल्यांना हिंसा सोडायला सांगितलं होतं. त्यांनी पहारेकऱ्याला हाक मारली आणि तुझी वस्तू राहिली आहे, असं सांगितलं. काहींना हे भोळेपण वाटेल. मला वाटत नाही. त्या खोलीत ‘मी कोण’ हे ठरवणारं त्यांच्याकडे तेवढंच उरलं होतं आणि ते त्यांनी सोडलं नाही.

असं असलं तरी निर्धारी माणूस कधी मोडत नाही, असा समज कुणी करून घेऊ नये. अमेरिकी वार्ताहर टेरी अँडरसन २,४५४ दिवस ओलीस होते. लेबनॉनमधल्या पाश्चात्त्य ओलिसांत सर्वांत जास्त काळ तेच राहिले. मूळचे ते मरीन सैनिक, टणक. तरी एकदा त्यांनी रक्त येईपर्यंत भिंतीवर डोकं आपटून घेतलं. बैरुतच्या अमेरिकन विद्यापीठात कृषी विद्याशाखेचे अधिष्ठाता असलेले टॉम सदरलंड यांनी निराशेत जीव द्यायचा प्रयत्न केला. बेलफास्टचे शिक्षक ब्रायन कीनन यांना सुरुवातीचे काही आठवडे एकटं ठेवलं होतं. एके दिवशी पहारेकऱ्याने थोडी फळं आणून ठेवली. त्यांतल्या संत्र्यांचा रंग इतक्या दिवसांनी डोळ्यांना दिसला, की कीनन ती खाऊच शकले नाहीत, नुसते बघत बसले. त्यांच्या आठवणींत हा प्रसंग वाचला तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं होतं.

कीनन वाचले ते दुसऱ्या माणसामुळे. त्यांना ब्रिटिश पत्रकार जॉन मॅकार्थी यांच्यासोबत ठेवण्यात आलं आणि पुढची काही वर्षं दोघे एकत्र राहिले. एक आयर्लंडच्या कामगारवस्तीतला, दुसरा सुखवस्तू इंग्रज घरातला; बाहेर कदाचित दोघांचं पटलंही नसतं. जागा बदलताना त्यांना डोक्यापासून पायापर्यंत चिकटपट्टीने गुंडाळून मालमोटारीखालच्या चोरकप्प्यात कोंबून नेत. खोलीत परतल्यावर दोघे पॅटागोनियात याक पाळायची योजना आखत. किती जनावरं, कुरण कुठे, खर्च किती, सगळा तपशील. सुटल्यावर काही वर्षांनी ते खरोखर चिलीत गेले, तिथून पॅटागोनियापर्यंत भटकले आणि त्या प्रवासावर दोघांनी मिळून पुस्तक लिहिलं. दुसरीकडे सदरलंड अँडरसनना फ्रेंच शिकवत होते. ज्याच्याकडे जे होतं ते त्याने दुसऱ्याला शिकवलं.

आता त्या भिंतीकडे परत येऊ. व्हिएतनामच्या तुरुंगात अमेरिकी कैद्यांनी अक्षरांचा पाच बाय पाचचा चौकोन केला होता. आधी ओळीचे ठोके, मग रकान्याचे, आणि ‘के’ऐवजी ‘सी’ वापरायचा. त्या पद्धतीने ‘टेरी वेट’ ६४ ठोक्यांत सांगून होतं. वेट एकेका अक्षराला सव्वीसपर्यंत मोजत बसले, आणि एके दिवशी पलीकडून ठोके आले. पलीकडे अँडरसन, सदरलंड आणि मॅकार्थी होते. ज्यांच्या सुटकेसाठी वेट बैरुतला आले होते, त्यांतलेच दोघे भिंतीच्या एका विटेपलीकडे होते. अँडरसन जगातल्या बातम्या एकेक अक्षर ठोकत सांगू लागले. एका वाक्याला किती ठोके पडत असतील याचा वाचकाने स्वतः हिशेब करून पाहावा. पुढे वेट यांना या तिघांच्या खोलीत हलवलं गेलं आणि एकांतवास संपला.

१९९१ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे प्रतिनिधी जान्दोमेनिको पिक्को यांच्या मध्यस्थीने दारं उघडू लागली. मॅकार्थी ८ ऑगस्टला सुटले, वेट आणि सदरलंड १८ नोव्हेंबरला, अँडरसन ४ डिसेंबरला. मॅकार्थींची आई १९८९ मध्येच कर्करोगाने गेली होती आणि मुलगा ते न जाणता कैदेत होता. अँडरसनची मुलगी त्यांच्या अपहरणानंतर तीन महिन्यांनी जन्मली. त्यांनी तिला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती सहा वर्षांची होती. बाहेर थांबलेल्यांच्या या कैदेचे दिवस कुणी मोजत नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या ‘मंडेला नियमां’नुसार दिवसाचे बावीस तास किंवा अधिक, माणसाच्या खऱ्या सहवासाशिवाय ठेवणं म्हणजे एकांतवास, आणि सलग पंधरा दिवसांपलीकडे तो कुणालाही देऊ नये. वेट यांचा एकांतवास या मर्यादेच्या जवळजवळ शंभरपट होता. आपल्या कायद्यात न्यायालयाने दिलेला एकांतवास एका वेळी चौदा दिवसांहून अधिक आणि एकूण तीन महिन्यांहून अधिक असू शकत नाही. १९७८ मध्ये सुनील बत्रा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने, तुरुंगाधिकाऱ्यांनी आपल्या मर्जीने कैद्याला एकटं टाकू नये, असं बजावलं. तुरुंगातल्या एकांतकोठडीसाठी येणारा ‘अंडा सेल’ हा शब्द बातमीत वाचताना हे आकडे मनात असू द्यावेत. गुन्हा कितीही मोठा असो, मेंदू सगळ्यांचा सारखाच असतो.

सुटकेनंतरच्या दिवसांबद्दल वेट एक उपमा देत असत. खोल समुद्रातून पाणबुड्याला झटकन वर आणलं तर त्याचा जीव जाऊ शकतो, त्याला टप्प्याटप्प्याने वर यावं लागतं. ब्रिटनमध्ये सुटलेल्या ओलिसांना थेट घरी न पाठवता लायनहॅमच्या हवाई तळावर, कुटुंबीय आणि मानसोपचारतज्ज्ञांच्या सोबतीत, काही दिवस ठेवलं गेलं. जो माणूस वर्षानुवर्षं काहीच ठरवत नव्हता, त्याला मोकळ्या जगात साध्या जेवणाच्या यादीनेही गांगरायला होतं. पुढे वेट यांनी ओलिसांच्या कुटुंबांना आधार देणारी संस्था उभी करायला मदत केली.

हे सगळं लेबनॉनपुरतं किंवा जुन्या काळापुरतं नाही. सप्टेंबर २०१० मध्ये सोमाली चाच्यांनी ‘ॲस्फाल्ट व्हेंचर’ हे जहाज पळवलं. खंडणी मिळाल्यावर एप्रिल २०११ मध्ये जहाज सोडलं, पण सात भारतीय खलाशांना मागे ठेवून घेतलं. ते ऑक्टोबर २०१४ मध्ये सुटले. मुंबईत, कोकणात, गोव्यात जहाजावर नोकरी करणाऱ्यांची घरं गल्लोगल्ली आहेत. अशा एखाद्या घरी कुणी सुटून परत आलं, तर स्टेशनावर ढोल-ताशे नेऊ नका, आठवड्याच्या आत सत्कार ठेवू नका, ‘काय काय सोसलंस’ हे पहिल्या दिवशी विचारू नका. त्याला विचारा, चहा आत्ता हवा की थोड्या वेळाने. आणि त्याचं उत्तर येईपर्यंत थांबा, वेळ लागला तरी.